खडूची रेघ

युवराज वायरमननं कॅमेरा बसवला
त्या दिवशी नानांनी एवढंच विचारलं,
"हाऊ चोरले देखस का माले?"
मी विनिपेगहून हसलो,
आणि उत्तर दिलं नाही.

मग त्यांनी काय केलं, ते मला आठवड्यानं कळलं.
दगूबाईच्या नातवाच्या हातात फोन दिला,
मायला अंगणात पाऊल-पाऊल सरकवलं,
आता दिसते? आता?
जिथं ती पडद्यावरून पुसली गेली
तिथं फरशीवर खडूनं रेघ ओढली
आणि आपली खाट रेघेपलीकडे नेली.

चाळीस वर्षं पारोळ्याच्या जिनिंगमध्ये काटा पाहिलेला माणूस.
कापसात किती पाणी मारलंय
गाडी आत वळतानाच सांगायचा.

मला दिसतात खाटेचे दोन पाय
आणि चपला.
चपला मी बोटांनी ताणून मोठ्या करतो.
उजवीची टाच आतून झिजलीय,
म्हणजे गुडघा अजून आत वळतोय.
तिथे दुपारचे तीन, इथे पहाटेचे साडेचार,
चपला बराच वेळ हलल्या नाहीत
की मी उठून पाणी पितो,
परत येऊन पाहतो.

मायचं तसं नाही.
ती कॅमेऱ्याशी बोलते.
गोळ्यांची डबी उघडून दाखवते, सकाळचा खण रिकामा.
बिबड्यांचं पीठ पळीनं उचलून दाखवते,
घट्ट झालं का सैल, जणू मीच सांगणार.
आवाज येत नाही गं त्यात, दोनदा सांगून झालं.
तरी ओठांवरून एवढं वाचता येतं,
"जेवना का?"

मंगळवारी माय दळणाला गेली होती.
नाना दोरीवरची गोधडी काढायला आले,
रेघेच्या अलीकडे,
आणि पायरीवरून पडले.

मी ते नऊ तासांनी पाहिलं.
चार मिनिटं तेवीस सेकंद ते तसेच पडून.
दगूबाईची शेळी फाटकातून डोकावली, गेली.
पंख्याचा वारा खोलीतून येत असावा,
गोधडीचं टोक हलत होतं.
मी पडद्याला धरून बसलो,
झालेल्या गोष्टीला अजून काहीतरी करता येईल असा.
मग ते एका हातावर उठले.
उपरणं झटकलं.
लांब गेलेली चप्पल पायानंच ओढून घेतली.
आणि वर पाहिलं, थेट माझ्याकडे,
ओठांवर बोट ठेवलं.

रविवारी फोन.
माय फोन तोंडाशी इतका जवळ धरते
की मला तिचं कपाळच जास्त दिसतं.
सगळं बरं शे, म्हणाली.
नाना? बरे शेत. त्या काय खाटवर.
मीही सगळं बरं सांगितलं,
थंडी कमी झाली, बर्फ वितळतोय, काम ठीक.
निरोपाला हात हलवला
तर ती थबकली.
"तू डावा हात कसाले हालावस रे?"

मी काहीतरी म्हणणार होतो.
तेवढ्यात खाटेवरून हाक आली,
"बिबडे झाकात का व? वारा सुटना!"

ती फोन खाटेवरच टाकून पळाली.
पडद्यावर नुसतं छत,
पत्र्याची एक पन्हाळ, बल्बची वायर.
मी छताकडे पाहत राहिलो, छत माझ्याकडे.
मग अगदी जवळून,
न दिसणाऱ्या बाजूनं, नाना हळूच म्हणाले,
"प्लास्टर कव्हय निघी?"

"सोमवारी," मी म्हणालो.
"आणि तुमची कंबर?"

ते काही बोलायच्या आत माय परतली.
"बिबडे तं झाकेलच व्हतात," म्हणाली.